किड्याचं चिलखत आणि आपली कणगी

मागच्या वर्षी आमच्या बचत गटानं बियाण्यासाठी तूर राखून ठेवली होती. घाईत ती नीट वाळवली नाही. मृगात डबा उघडला तर अर्ध्या दाण्यांना भोकं आणि वर भुंगेरे फिरतायत. चूक आमचीच. पण त्या निमित्तानं आम्ही या किड्याकडं जरा निरखून बघितलं.

किड्याला आपल्यासारखी आत हाडं नसतात. त्याचं हाड म्हणजे अंगावरचं कवच. खेकडा, विंचू, गोम, कोळी, सगळी याच कुळातली. कवच कायटिन नावाच्या चिवट पदार्थाचं, आणि किड्यांच्या कवचावर मेणाचा अगदी पातळ थर. खरी करामत त्या मेणात आहे. भुंगेरा केवढा, तर मोहरीपेक्षा थोडा मोठा! त्याच्या अंगात पाणी ते किती असणार? आणि आपलं पैठण-गंगापूरकडचं वैशाखातलं ऊन तर ठाऊकच आहे. मेण नसतं तर तो बघता बघता वाळून गेला असता. या कुळाचे पूर्वज ४० कोटींहून जास्त वर्षांपूर्वी पाण्यातून जमिनीवर आले. पाण्याचा आधार सुटल्यावर कवचानंच त्यांच्या अंगाचा भार पेलला, आणि अंगातलं पाणीही आत धरून ठेवलं.

आता आपल्या सासवा कडधान्यात राख का कालवायच्या, ते बघा. राखेचे कण कवचावरचं मेण खरवडतात, काही शोषूनही घेतात. मग अंगातलं पाणी उडून जातं. पाणी भरून काढायला किड्याकडं असतो फक्त दाणा, म्हणून दाणा कोरडाच हवा. दाताखाली कट्‌कन फुटला पाहिजे.

पण राख म्हणजे जादू नव्हे. भुंगेऱ्याची अंडी पुष्कळदा शेतातूनच शेंगेबरोबर येतात आणि अळी दाण्याच्या आत बसते. तिथं राख पोचत नाही. म्हणून आधी ऊन, मग राख. तीही चिमूटभर नाही, दाणा न् दाणा माखला पाहिजे. राख चाळलेली, गार आणि कोरडी हवी. प्लास्टिक जाळलेल्या चुलीची नको. खायच्या डाळीला राख नको वाटत असेल तर तेलाचा हात लावा. किड्याच्या कुशीला श्वासाची भोकं असतात, ती तेलानं बुजतात.

कुणी म्हणेल, गोळ्या टाका की! त्या अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांतून हवेतल्या ओलाव्यानं विषारी वायू निघतो आणि त्यावर उतारा नाही. लेकरं जिथं झोपतात त्या घरात ती गोळी आणायचीच नाही, असं आमच्या गटात ठरलंय. नवरे कुरकुरले, तरी ठरलंय.

यंदा तूर निघाल्यावर आम्ही ती तीन दिवस पातळ पसरून वाळवली, गार केली, राखेत घोळवून कणगीत भरली. दर पंधरवड्याला मूठभर काढून बघतो. परवा दोन भुंगेरे सापडले. मेलेले, बोटात धरताच चुरा झाला.