अंगावर पित्त उठते तेव्हा

पालघर जिल्ह्यातील वाढवणच्या किनाऱ्यावर वलांड्यांवर बोंबील सुकत असतात, अंगणात जवळा पसरलेला असतो, आणि त्याच जवळ्याची चटणी खाल्ल्यावर घटकाभरात एखाद्याचे ओठ सुजून अंगभर गांध्या उठल्या, म्हणजे घरातील वडीलधारी माणसे ‘पित्त उठले’ असे म्हणून आमसुलाचे पाणी चोळतात. वस्तुतः या उपद्रवाचा पित्ताशी सुतराम संबंध नसून तो मास्ट पेशींचा प्रताप असतो. पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञाने १८७८ साली नाव दिलेल्या या पेशी त्वचा, नाक, श्वासनलिका व आतडी यांच्या अस्तरात कायमचे ठाणे देऊन बसतात, आणि कोळंबी-जवळ्यातील, शिजवूनही नष्ट न होणारे प्रथिन ओळखताच आपल्या कोठारातील हिस्टामिन हे खाज व सूज आणणारे रसायन क्षणार्धात रिते करतात. बेसोफिल पेशींजवळही तोच दारूगोळा असतो. मात्र त्या रक्तात फिरतात, आणि शंभर पांढऱ्या पेशींत एखादीच आढळते.

इओसिनोफिल पेशींची तऱ्हा निराळी. त्या काही तासांनी कुमकेसारख्या येऊन पोहोचतात आणि दम्याच्या रोग्याची श्वासनलिका दिवसेंदिवस सुजवून ठेवतात. म्हणून हिस्टामिनविरोधी गोळीने खाज शमली, तरी दमा शमत नाही, त्याला श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड लागते. आणखी एक गोष्ट मला आग्रहाने सांगावयाची आहे. रक्ताच्या दर घनमिलिमीटरमध्ये या पेशी पाचशेच्या वर गेल्या, की आपण ‘इस्नोफिलिया झाला’ म्हणतो आणि ॲलर्जी समजून स्वस्थ बसतो. परंतु पालघर हा हत्तीरोगाचा जिल्हा आहे, आणि त्या रोगाचे सूक्ष्म जंतू फुप्फुसात अडकले, तर हाच आकडा तीन हजारांपलीकडे जाऊन रोगी मध्यरात्री कोरड्या खोकल्याने अंथरुणात उठून बसतो. वाइनगार्टन या डॉक्टरांनी १९४३ साली भारतातील रोग्यांवरून वर्णिलेल्या या विकारावर हत्तीरोगाचेच औषध, डायइथिलकार्बामॅझीन, लागू पडते. याच जिल्ह्यातील तलासरीच्या पाड्यांवर अनवाणी शेतात राबणाऱ्यांच्या आतड्यांतील जंतांनीही या पेशी वाढतात, तेव्हा तपासणीचा कागद डॉक्टरांना दाखविल्यावाचून निदान ठरवू नये.

मासळीने होणारा प्रत्येक त्रास ॲलर्जीचाच असतो असेही नाही. बर्फावाचून उन्हात राहिलेल्या बांगड्यात हिस्टामिन आयतेच तयार होते, आणि तो खाणाऱ्या साऱ्या पंगतीचे चेहरे एकदम लाल होतात. तेथे दोष पेशींचा नव्हे, शिळ्या मासळीचा.

मात्र गांध्यांबरोबर आवाज बसला, धाप लागली अथवा भोवळ आली, तर आमसूल शोधण्यात वा गोळीची वाट पाहण्यात एक क्षणही दवडू नका. रोग्याला आडवे निजवून, धाप फार असल्यास टेकवून बसवून, तडक जवळच्या रुग्णालयात न्या आणि ‘मासळी खाल्ल्यावर झाले’ एवढे दारातच सांगा, कारण अशा वेळी मांडीत द्यावयाचे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन हेच पहिले औषध आहे.