कॉटर पिन जाम आहे? गॅसने कापण्याआधी हे ऐका

आजचा भाग सायकलवर. गिअरवाल्या नव्या सायकलवर नाही, तर आजोबांच्या काळ्या, भक्कम कॅरिअरवाल्या सायकलवर. आमच्या शिंदखेड्याकडे अजूनही कोणी अशा सायकलला कॅन लटकवून दूध घालतं. तिचा पायडल डुगडुगायला लागला की दुकानात ऐकू येतं, "कॉटर जाम आहे भाऊ, गॅसने कापावा लागेल." कापताना क्रँक किंवा एक्सल गेला, तर त्याच मापाचा जोड शोधत फिरा. तोवर दूध कोण पोचवणार?

आधी भानगड समजून घेऊ. पायडलचा दांडा म्हणजे क्रँक. तो एक्सलवर पक्का धरते ती कॉटर पिन. आपल्याकडे बहुतेक 9.5 मिलिमीटरची, एका बाजूने तिरपी तासलेली. म्हणजे चक्क पाचर! वर्षानुवर्षं ती घट्ट होत जाते, त्यात गंज चढतो. नट तिला फक्त जागेवर राखतो.

लोक काय करतात? नट काढून हातोडीने ठोकत सुटतात. क्रँक अधांतरी असेल तर मार एक्सलमधून छऱ्यांवर आणि कपांवर जातो. कपात खड्डे पडतात. वर पिनचं टोक चपटं होतं, मग ती भोकातून निघणारच कशी?

आता क्रमाने करा.

एक: आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल दोन्ही बाजूंनी पाजा. घाई नको.

दोन: नट पूर्ण काढू नका. त्याचा माथा पिनच्या टोकाशी बरोबर येईल इतकाच ढिला करा. आटे वाचतात, पिन वाकत नाही.

तीन: नटाची बाजू वर घ्या. क्रँकखाली, पिनच्या डोक्याभोवती, जाड लोखंडी पाइपाचा तुकडा उभा लावा. तो थेट फरशीवर टेकला पाहिजे. आता जड हातोडीचा एकच सरळ, जोरदार घाव. हलक्या हातोडीचे पन्नास घाव नुकसानच करतात. सी-क्लॅम्प असेल तर अजून बरं. डोक्याच्या बाजूला सॉकेट ठेवा आणि पिन दाबून काढा.

चार: तरी हलत नसेल तर उष्णता. तेल नीट पुसा, नाहीतर भडका उडेल. क्रँकचा डोळा तापवा. 200 अंश वाढले तर भोक जेमतेम 0.02 मिलिमीटर मोठं होतं, पण गंजाची पकड सुटायला तेवढं पुरतं. तिथला रंग जाईल आणि आतलं ग्रीस वितळेल, ते नंतर नवीन भरा.

पाच: पिन वाकलीच, तर टोक करवतीने कापा, मधोमध 5 मिलिमीटरचं भोक पाडा आणि पंचने ठोका. क्रँक वाचतो.

बसवताना नवी पिन जुन्याच मापाची घ्या. 9 मिलिमीटरचीही मिळते. दोन्ही पिना उलटसुलट दिशेने बसवा, नाहीतर पायडल एका रेषेत येत नाहीत. आधी खाली आधार देऊन ठोकून बसवा, मगच नट आवळा. नटाने पिन ओढायला गेलात तर आटे जातात. चार दिवस चालवून नट पुन्हा तपासा. ढिली पिन चढावर उभं राहून पायडल मारताना दगा देते, आणि मागे चाळीस लिटर दूध असतं.

तुमच्या गावातला जुना मिस्त्री हे कसं करतो? त्याला विचारा, रेकॉर्ड करा, आम्हाला पाठवा. भेटू पुढच्या भागात!