शाळा सोडल्याचे कारण

(स्नेहमेळाव्यातील भाषण)



आपण इतिहास कसा शिकलो, यावर दोन शब्द बोलायला मला सांगितले आहे. कसा शिकलो ते तुम्हांला ठाऊकच आहे. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, कारणे द्या. सातवाहन हे नाव आले की खाली रेघ मारायची. त्या सातवाहनांच्या काळातले लेख आपल्या बोरिवलीत, कान्हेरीच्या डोंगरात आहेत, हे सहलीला गेल्यावर कळले.

त्या सहलीत बाईंनी आधी डबे उघडू दिले नाहीत. पाण्याच्या एका टाक्यापाशी उभे करून विचारले, "असली टाकी कोणी खोदवली असतील?" आम्ही एका सुरात ओरडलो, "राजाने!" बाई हसल्या. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत टाक्याला 'पोढी' म्हटले आहे. लेण्यांना आणि टाक्यांना दान देणाऱ्यांत कल्याण-सोपाऱ्याचे व्यापारी आहेत, भिक्षू आणि भिक्षुणी आहेत. त्यांची नावे इतकी शतके टिकली, कारण कोणीतरी ती कोरून ठेवली.

हे आज आठवायचे कारण वेगळे आहे. या मेळाव्याच्या निमंत्रणांची यादी मी केली, आणि ती दहावीच्या निकालावरून केली. नंतर एक जन्मतारीख तपासायला शाळेचे जनरल रजिस्टर उघडले, तेव्हा माझ्या बाकावरच्या मित्राचे नाव दिसले. ते माझ्या यादीत नव्हते. 'शाळा सोडल्याचे कारण' या रकान्यात लिहिले होते : गावी गेल्यामुळे.

त्याचे वडील लोअर परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. आपण तेव्हा सातवीत होतो. जूनमध्ये आठवीचा वर्ग भरला तेव्हा त्याची जागा रिकामी होती. तो कुठे गेला, हे मी कोणालाच विचारले नाही. पंधरा दिवसांत तिथे दुसरा मुलगा बसला. मी सनावळ्या पाठ करत राहिलो.

त्याच्या बरोबर शंभर वर्षे आधी, १८८२ मध्ये, जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगाला निवेदन दिले होते. महसूल रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या वर्गांच्या शिक्षणावर, हे त्यांचे गाऱ्हाणे होते. बाराव्या वर्षापर्यंतचे प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही मागणी होती. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी शिक्षणहक्काचा कायदा देशाने केला तो २००९ साली. माझा मित्र या दोन तारखांच्या मध्ये कुठेतरी राहून गेला.

'गावी गेल्यामुळे' हे खोटे नाही. पण 'कारणे द्या' या प्रश्नाला असे उत्तर लिहिले असते, तर बाईंनी अर्धाच गुण दिला असता आणि समासात लिहिले असते, "का गेला?"

बाई, तो प्रश्न मी आज सोडवायला घेतला आहे. दहावीपर्यंत न पोचलेल्यांची नावे मी रजिस्टरमधून उतरवून आणली आहेत. चहाच्या वेळी हा कागद फिरवतो. कोणाला कोणाचा पत्ता, गाव, भावाचा फोन, काहीही माहीत असेल तर नावापुढे लिहा. पुढच्या मेळाव्याची यादी मी रजिस्टरवरून करणार आहे.