इंग्रजीचा तास आणि दूरदेशीचे सोबती
(मंडळाच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



मुलांच्या इंग्रजीविषयी चार शब्द बोलावेत, अशी मंडळाच्या चालकांची आज्ञा झाली. आम्ही मॅट्रिक झालेले, जन्मभर खडू झिजविलेले शिक्षक. पांडित्य आमच्यापाशी नाही; वर्गात जे दिसले तेवढेच आपणापुढे ठेवितो.

आपल्या राज्यात सन २००० पासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. दहा वर्षे ती भाषा शिकूनही पाहुण्याने साधा प्रश्न विचारताच मूल मान खाली घालते. ह्याचे कारण बुद्धिमांद्य नव्हे. इंग्रजीतून कोणास काही सांगण्याची गरजच त्यास कधी पडलेली नसते. गाईवरील निबंध तपासणाऱ्या गुरुजींना गाय ठाऊक असतेच! ज्यास ठाऊक नाही त्यास सांगावयाचे असेल, तरच भाषेत जीव येतो.

असा श्रोता कोठून आणावा? फ्रान्समध्ये सेलेस्तँ फ्रेने नावाचे एक खेड्यातील शिक्षक होते. पहिल्या महायुद्धात फुप्फुसास जखम झाल्याने त्यांना वर्गात फार बोलवत नसे. १९२४ नंतरच्या वर्षांत त्यांनी शाळेत लहानसा छापखाना आणिला, मुलांचेच लेखन मुलांकडून छापविले आणि दूरच्या समुद्रकाठच्या एका शाळेशी त्याची देवघेव सुरू केली. ती एकाच देशातील, एकाच भाषेतील होती. परभाषेच्या वर्गास तर ही युक्ती अधिकच लागू पडते.

जपान सरकारने १९८७ साली परदेशी तरुणांना शाळांतून भाषासाहाय्यक म्हणून बोलाविण्याची योजना आरंभिली. पहिल्याच वर्षी चार देशांतून ८४८ जण आले. एवढा खर्च आपल्या शाळांस झेपणार नाही. पत्र मात्र झेपेल. आणि ते इंग्लंडलाच गेले पाहिजे असे नाही. जपानी मुलांचीही इंग्रजी ही परभाषाच असल्यामुळे कोणी कोणास हसत नाही. त्यांचे शालेय वर्ष एप्रिलात सुरू होते आणि जुलैअखेरपासून ऑगस्टभर सुटी असते. तेव्हा पत्रव्यवहारास जून-जुलै आणि सप्टेंबर-ऑक्टोबर हे महिने सोयीचे. पत्र शाळेच्या पत्त्यावरच जावे, मुलांच्या घरचा पत्ता देऊ नये. शिक्षकांनी अर्थ अडेल तेवढीच चूक सुधारावी.

परंतु अशा देवघेवीतून केवळ भाषाच येते असे नाही. जपानी शाळांत वर्गखोल्या मुलेच झाडतात, अनेक शाळांत स्वच्छतागृहेही तीच धुतात, आणि दुपारचे जेवणही पाळीपाळीने तीच वाढतात. ही माहिती आम्ही एकदा सातवीच्या वर्गास सांगितली आणि आपल्या शाळेविषयी इंग्रजीतून उत्तर लिहावयास सांगितले. मुले थबकली. एका मुलीने विचारले, “गुरुजी, आपल्याकडे कोण झाडतं, ते खरं लिहायचं का?” ती अडली होती ती व्याकरणापाशी नव्हे! संडास धुण्याचे काम आपण कोणाकडे सोपवीत आलो, हे ह्या सभागृहातील प्रत्येकास ठाऊक आहे. परक्याला आपले घर दाखवू लागलो की ते प्रथम आपणासच दिसते. आम्ही त्या मुलीस खरेच लिहावयास सांगितले. पुढच्या आठवड्यात त्या वर्गाने आपण होऊन झाडण्याच्या पाळ्या लाविल्या.

म्हणून पालकांस आमची विनंती आहे. मुलाचे पत्र तुम्ही लिहू नका. घरची भाकरी लपवून त्यास केक लिहावयास लावू नका. भाकरी कशी थापतात, हे त्याने आईस विचारावे आणि मग इंग्रजीत सांगावे. मंडळ दरवर्षी गुणवंतांस पारितोषिके देते. त्या निधीतील काही रक्कम गावच्या शाळेच्या टपालखर्चास द्यावी. पत्र मात्र सबंध वर्गाचे जावे, केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांचे नव्हे. दूर देशाशी मैत्री जोडावयाची आणि शेजारच्या बाकावरील सोबत्यास वगळावयाचे, हे शोभणार नाही.