निगेटिव्ह आणि स्लाइडसाठी स्कॅनर घेताना

घरोघरच्या जुन्या निगेटिव्ह संगणकावर उतरवायच्या असं आपण ठरवलंय खरं, पण यंत्राची किंमत विचारण्याआधी आपण निगेटिव्हची रुंदी बघू. आगफाचा क्लिक थ्री कॅमेरा आपल्या वडोदऱ्यातच बनत असे. त्याच्या निगेटिव्ह सहा सेंटिमीटर चौरस. त्या 35 मिलिमीटरच्या स्कॅनरमध्ये जातच नाहीत! अशा घरांना झाकणातही दिवा असलेला फ्लॅटबेडच लागेल, एप्सन व्ही 600 सारखा. कागदपत्रांचा साधा स्कॅनर चालत नाही. निगेटिव्हमधून उजेड आरपार जावा लागतो.

नुसत्या 35 मिलिमीटरच्या पट्ट्या आणि स्लाइड असतील, तर प्लस्टेकचा ऑप्टिकफिल्म जास्त बारकावे टिपतो. मात्र एकेक फ्रेम हाताने सरकवायची, म्हणजे एका लग्नाला अख्खा रविवार. खोक्यावरच्या 6400 नि 7200 डीपीआयला आपण भुलायचं नाही, प्रत्यक्षात बरंच कमी हाती लागतं. खरे 2400 मिळाले तरी सुमारे 77 लाख बिंदूंचा फोटो होतो; आठ बाय बाराच्या प्रिंटला तेवढं पुरतं.

धूळ-ओरखडे पुसणारी इन्फ्रारेडची सोय रंगीत फिल्मवर उत्तम. जुन्या कृष्णधवल फिल्मवरची चांदी ते किरण अडवते आणि चित्रच बिघडतं. आजोबांच्या काळच्या फोटोंसाठी त्याचे जादा पैसे कशाला? हवेचा फुगा आणि मऊ ब्रश बास.

ज्या डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो, तो आधी काढू. ती फिल्म कुजते आहे, पुढच्या गणपतीपर्यंत थांबेलच असं नाही. आणि स्कॅन करताना घरातल्या आजींना शेजारी बसवू. मागच्या रांगेतली नावं त्यांनाच ठाऊक आहेत.