शेवंड मोजायची ती कशासाठी?

गिरगावात, लालबागेत शेवंडीचा विषय निघाला की पहिला प्रश्न भावाचा. मला आज बोलायचंय ते समुद्रातल्या तिच्या कामाबद्दल.

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटाभोवतीचं पाणी तापू लागलं, तसे लांब काट्यांचे सी-अर्चिन उत्तरेकडून तिथं पोचले. काटेरी चेंडूसारखा हा प्राणी खडकावरची हिरवळ खरवडून खातो. त्यानं केल्प या उंच समुद्री शैवालाची रानंच्या रानं उजाड केली. शेवंड त्याला खाते, पण पाठीचं कवच 14 सेंटिमीटरच्या पुढे गेलेली थोराड शेवंडच. त्यामुळे तिथं नुसती संख्या मोजून भागत नाही, प्रत्येकीचं माप घ्यावं लागतं. लहान कितीही असल्या, तरी असे अर्चिन त्यांना आवरत नाहीत. शेवंडीला वाढू दिलं तर काय होतं, ते न्यूझीलंडमध्ये दिसलं. तिथं ली इथं 1975 साली मासेमारीबंद क्षेत्र झालं. शेवंड आणि मोठे मासे परतले, अर्चिन घटले, केल्प पुन्हा वाढलं.

आपलं पाणी गढूळ, इथं केल्प नाही. पण मोजणी किती मोलाची, हे मुंबईनं सोसून जाणलंय. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसं ससून डॉकवर उतरणाऱ्या मासळीची नोंद ठेवतात. त्या नोंदींवरूनच कळतं, की वाळूत राहणारी चपटी शेवंड 1978 पासून ट्रॉलरच्या जाळ्यात मोठ्या प्रमाणावर येऊ लागली आणि 1994 पर्यंत तिची मासेमारी कोसळली. अंड्यांवरच्या माद्याही विकल्या जात होत्या. पुढची पिढी येणार कुठून? 2003 मध्ये केंद्र सरकारनं किमान वजन ठरवलं, आपल्या काटेरी शेवंडीला 300 ग्रॅम, चपटीला 150. मात्र तो नियम निर्यातीचा.

बंदरावर मोजली जाते ती पकडलेली शेवंड. खडकात जिवंत किती उरल्या, त्यांत मोठ्या किती, हे तिथून कळत नाही. सागरी रस्त्यासाठी 2020 मध्ये हाजीअली-वरळीची प्रवाळं हलवली, तेव्हा त्यांच्या वसाहती मोजल्या गेल्या. तशीच मोजदाद तिथल्या कपारींतल्या शेवंडीची, दरवर्षी, मापासकट व्हायला हवी, आणि ती कोळी बांधवांना सोबत घेऊनच. ओहोटीला कुठली कपार उघडी पडते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

अंड्यांवरची मादी जाळ्यात आली, तर शेपटीच्या पंख्याला छोटी खाच पाडून तिला सोडता येतं. पुढे ती पुन्हा सापडली, की खुणेवरून ओळखून परत सोडायची. आणि दादरच्या बाजारात शेवंड घेताना ती उलटून पाहा. पोटाखाली अंड्यांचा घोस दिसला, तर घेऊ नका; का घेत नाही, तेही विकणाऱ्या मावशींना सांगा.