पंडिता रमाबाई : माता आणि शिक्षिका



पंडिता रमाबाईंचे नाव निघाले की पुणे, मुंबई आणि केडगाव ही गावे आठवतात. परंतु त्यांच्या चरित्राचे पहिले पान कर्नाटकात उघडते. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतील गंगामूळ येथील अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे कानडी मुलखात स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातील. पत्नीला संस्कृत शिकविल्याबद्दल त्यांना उडुपीच्या पंडितांपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी तो शास्त्राधारांनिशी दिला. हे शिक्षण घेतलेल्या लक्ष्मीबाईंनीच पुढे रमाबाईंना शिकविले. घरकामाला लागण्यापूर्वी, पहाटेच्या अंधारात मुलीला उठवून त्या पाठ देत. पुस्तकापेक्षा मुखपाठच अधिक! ‘द हाय कास्ट हिंदू वुमन’ हा १८८७ मधील इंग्रजी ग्रंथ रमाबाईंनी याच मातेच्या स्मृतीस अर्पण केला.

१८७४ च्या सुमारास दुष्काळात आईवडील गेले. पुढे बंधू श्रीनिवास गेले, आणि विवाहानंतर दोन वर्षे होतात न होतात तोच १८८२ मध्ये पती बिपिनबिहारी दास मेधावी हेही गेले. पदरी मनोरमा, दहा महिन्यांची.

या मुलीला घेऊन १८८३ मध्ये रमाबाई इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथे मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. पुढे त्या चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात संस्कृत शिकवू लागल्या आणि मनोरमा काही काळ वाँटेजच्या जोगिणींकडे राहिली. सिस्टर जेराल्डीन यांना मायलेकी ‘आजीबाई’ म्हणत. नाते एवढे घरगुती असूनही, आपल्याला न पटलेले धर्ममत मुलीच्या मुखी घालू नये, यावरून रमाबाईंनी त्यांच्याशी पत्रांतून कडक वाद घातला. आपल्या मुलीने भारतीयांना परके मानू नये, हीही त्यांची चिंता होती. आश्रय देणाऱ्यांशी असा वाद घालणे सोपे नसते. पण आपल्या मुलीच्या बाबतीत अंतिम अधिकार त्यांनी कोणालाच दिला नाही.

याच आग्रहाची दुसरी बाजू १८९३ मध्ये पुण्यात दिसली. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत स्थापन झालेले शारदा सदन तोवर पुण्यास आले होते. काही मुलींचा ओढा ख्रिस्ती प्रार्थनेकडे दिसताच वादळ उठले. रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. प्रार्थनेच्या खोलीचे दार आपण मुद्दाम लावणार नाही, असे रमाबाईंचे म्हणणे. पालकांची भीती अगदीच अनाठायी होती असे म्हणवत नाही. स्वतःच्या मुलीसाठी त्यांनी जो हक्क मागितला होता, तोच हे पालक मागत होते! तथापि याच सदनाच्या पहिल्या विधवा विद्यार्थिनी गोदूबाई पुढे आनंदीबाई कर्वे झाल्या, हेही विसरता येत नाही.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला, तेव्हा स्वतःची उपासमार त्यांना आठवली असणारच. मध्यप्रांतात जाऊन त्यांनी सुमारे तीनशे मुली-स्त्रिया आणल्या. केडगावचे ‘मुक्ती’ त्यातून वाढले. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. लिहिण्यावाचण्याबरोबर विणकाम, तेलघाणा, शेती आणि छापखान्यातील खिळे जुळविणे हेही तेथे शिकविले जाई.

मनोरमाबाई आईच्या हाताखाली शिक्षिका झाल्या, अंध मुलींना ब्रेल शिकवू लागल्या. १९१२-१३ च्या सुमारास त्यांनी गुलबर्ग्यास, आजच्या कलबुर्गीस, मुलींची शाळा काढली, नाव ‘शांतिसदन’. तो मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात होता. डोंगरे घराण्याची विद्या अशी तिसऱ्या पिढीत कन्नड भूमीत परत आली.

रमाबाई मात्र केडगावी बायबलच्या भाषांतरात गढल्या होत्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी हे काम अंगावर घेतले होते. संस्कृतच्या या पंडितेने त्यात संस्कृत शब्द जाणूनबुजून टाळले, कारण नुकती अक्षरओळख झालेल्या बाईला ते कळावे एवढाच हेतू होता. ते भाषांतर सर्वत्र रूढ झाले नाही. भाषेच्या अभ्यासकांनी तरी ते आवर्जून पाहावे.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमाबाईंचे निधन झाले. वय अवघे चाळीस. आईने शोक आवरून मुद्रिते तपासण्याचे काम चालू ठेवले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या, आणि मुक्तीतील स्त्रियांच्या हातून तो ग्रंथ १९२४ मध्ये छापून बाहेर आला.